पाटी बदलेल, थैली कुणाकडे?

डिसेंबर 2025 मध्ये लोकसभेत ‘विकसित भारत शिक्षा अधिष्ठान’ विधेयक मांडलं गेलं, ते संयुक्त संसदीय समितीकडे गेलं, आणि प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एका रात्रीत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं असं की विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे आपली यूजीसी, हा परिपत्रकांचा छापखाना आहे. तो बंद पडला तर गावजेवण घालू. दुसऱ्या तटाला वाटतं, यूजीसी गेली की उच्च शिक्षण दिल्लीच्या दावणीला बांधलं जाणार, तेव्हा काहीही करून तिला वाचवा. गंमत म्हणजे या दुसऱ्या तटातली निम्मी मंडळी वर्षानुवर्षं पदोन्नतीसाठी लागणारे एपीआयचे गुण मोजताना याच यूजीसीच्या नावानं बोटं मोडत होती. सासू गेल्यावर तिचे गुण आठवतात, तसं काहीसं. इथं तर ती अजून गेलेलीही नाही.

हे सगळं भांडण दारावरच्या पाटीवरून चाललं आहे, असं मला वाटतं. यूजीसी राहावी की जावी, हा प्रश्न दुय्यम. विद्यापीठांना पैसा देणारा हात मंत्र्याचा असावा की मंत्र्यापासून हातभर लांब असावा, हा मूळ प्रश्न, आणि त्यावर कुणी बोलत नाही. नव्या विधेयकात विनियमन, गुणवत्ता आणि मानक अशा तीन परिषदा आहेत. अनुदान वाटण्याचं काम यांतल्या एकीकडेही नाही. ते मंत्रालयाकडे राहणार. माझं मत सरळ सांगतो. आयोगाचं नाव काहीही ठेवा, त्याच्याकडची नियमांची तीन-चतुर्थांश भेंडोळी खुशाल जाळा, पण थैली त्याच्याकडून काढून मंत्रालयाच्या कपाटात ठेवू नका.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला बांध म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बांधावर पीक येत नाही, तो जागा अडवतो, त्यात साप-विंचू राहतात. तरी दोन वावरांच्या मध्ये तो लागतो. नसला की भावाभावांत कुऱ्हाडी निघतात. ब्रिटनमध्ये 1919 साली ‘युनिव्हर्सिटी ग्रँट्स कमिटी’ नेमली गेली, ती अशा बांधासारखी होती. पहिल्या महायुद्धानं विद्यापीठांची तिजोरी रिकामी केली होती. सरकारचा पैसा घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं, पण पैशाच्या पाठोपाठ मंत्री वर्गात येऊन बसेल ही भीती होती. म्हणून मध्ये जाणत्या लोकांची समिती ठेवली, आणि तीही शिक्षण खात्याच्या हाताखाली न ठेवता थेट खजिन्याशी जोडली. सरकारनं एकूण रक्कम ठरवायची, ती कुणाला किती द्यायची हे समितीनं पाहायचं.

आपल्याकडे 1945 मध्ये अलीगढ, बनारस आणि दिल्ली या तीन विद्यापीठांपुरती अशी समिती आली. राधाकृष्णन आयोगानं ब्रिटिश नमुन्यावर तिची फेररचना सुचवली, 28 डिसेंबर 1953 रोजी मौलाना आझादांनी आयोगाचं उद्घाटन केलं आणि 1956 च्या कायद्यानं त्याला वैधानिक रूप मिळालं. त्याच 1956 सालात मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं, आणि त्याच वर्षी ते यूजीसीचे अध्यक्ष झाले. मराठी वाचक या राजीनाम्याची आठवण अभिमानानं काढतो, पण त्याच्या पुढच्या ओळीवर थांबत नाही. मंत्रिमंडळाशी जाहीर मतभेद करून बाहेर पडलेल्या माणसाकडे देशभरच्या विद्यापीठांची थैली सोपवावी, यात त्या वेळच्या सरकारला वावगं वाटलं नाही. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर; सरकारच्या जवळ बसून सरकारला नाही म्हणायचं कसं, हे त्यांना ठाऊक होतं. आज असा राजीनामा देऊन आलेल्या कुणाला त्या खुर्चीवर बसवतील, असं तुम्हाला वाटतं?

आता माझ्या मताच्या विरोधकांचं बळकट म्हणणं. पैसा देणारा आणि गुणवत्ता तपासणारा एकच असला की दोन्ही कामं बिघडतात. हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. मी ज्या कॉलेजात होतो तिथं पंचवार्षिक योजनेचं यूजीसी अनुदान कायम मार्चमध्ये जागं व्हायचं. 31 तारखेच्या आत बिलं लागली पाहिजेत म्हणून एकदा ग्रंथालयात एकाच स्पर्धा-परीक्षा मार्गदर्शकाच्या चाळीस प्रती आल्या. प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर ‘यूजीसी सहाय्यातून’ असा जांभळ्या शाईचा शिक्का. शिक्का मारणाऱ्या शिपायाच्या बोटांना आठवडाभर शाई होती. पुस्तकांना मात्र वाचकाचं बोट लागलं नाही. पुढं कॉलेजांना दर्जा ठरवून देणाऱ्या नॅकची पाहणी समिती यायची झाली तेव्हा गेटपासून प्राचार्यांच्या केबिनपर्यंत कुंड्या मांडल्या गेल्या, त्या नर्सरीतून तीन दिवसांच्या भाड्यानं आणलेल्या. समितीची गाडी फाटकाबाहेर पडली आणि तासाभरात टेम्पो कुंड्या घेऊन गेला. कागदांच्या फायलींचे सात निकषांनुसार सात ढीग तेवढे मागे राहिले.

कुंड्यांवर हसता येतं, पुढच्यावर येत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये सीबीआयनं नॅकच्या पाहणी समितीतल्या सदस्यांना लाचेच्या प्रकरणात अटक केली. नॅक म्हणजे यूजीसीचंच अपत्य, 1994 चं. त्याआधी 2010 च्या नियमावलीनं पदोन्नतीसाठी शोधनिबंधांना गुण लावले, आणि दोन हजार रुपयांत निबंध छापून देणारी ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकं गल्लोगल्ली उगवली. मग 2017 मध्ये आयोगानं मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. विद्यापीठांनी शिफारस करून त्या यादीत घातलेल्या नियतकालिकांचा नमुना पुण्याच्या संशोधकांनी तपासला. ‘करंट सायन्स’मध्ये 2018 साली आलेल्या त्यांच्या निबंधानुसार 88 टक्क्यांहून अधिक नियतकालिकं निकृष्ट ठरण्याजोगी होती. त्याच वर्षी आयोगानं 4,305 नावं एका झटक्यात वगळली. पुढं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात केंद्र ठेवून ‘केअर’ यादी आली, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद झाली. आधी आजार लावायचा, मग औषधाची यादी काढायची, मग यादीच मागे घ्यायची! या कारभाराचा बचाव करण्याची माझी तयारी नाही.

त्याहून अवघड आक्षेप इतिहासातून येतो. 1916 साली अठ्ठावन्न वर्षांच्या धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. सरकारची मान्यता नाही, विद्यार्थिनी पाच, माध्यम मातृभाषा, आणि पदवीचं नावही स्वतः घडवलेलं, ‘गृहीतागमा’. मान्यतेसाठी ते अडून राहिले नाहीत. कायद्यानं विद्यापीठाचा दर्जा 1951 मध्ये मिळाला. मधली पस्तीस वर्षं त्या पदव्यांवर सरकारी मोहोर नव्हती. 1921 चं टिळक महाराष्ट्र विद्यापीठही सरकारी मान्यता झुगारूनच उभं राहिलं. यूजीसी कायद्याचं कलम 22 सांगतं, कायद्यानं स्थापन झालेल्या किंवा तसा अधिकार दिलेल्या संस्थेखेरीज कुणी पदवी देऊ नये. हे कलम 1916 मध्ये असतं तर अण्णासाहेब कर्वे बोगस विद्यापीठांच्या यादीत गेले असते. कलम आलं 1956 मध्ये, आणि दोनच वर्षांनी त्याच राज्यव्यवस्थेनं कर्व्यांना भारतरत्न दिलं. नियामक दारात बसला की चोराबरोबर कर्व्यांनाही अडवतो. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि ज्याच्याकडे आहे असं त्याला वाटतं त्यानं जरा जपून बोलावं.

पण दारात कुणीच बसला नाही तर काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. छत्तीसगढनं 2002 मध्ये खासगी विद्यापीठांचा कायदा केला. राजपत्रात अधिसूचना निघाली की विद्यापीठ तयार. वर्षभराच्या आसपास 112 विद्यापीठं निघाली; त्यांतल्या अनेकांकडे ना आवार होतं, ना ग्रंथालय, ना शिक्षक. या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते प्रा. यशपाल. 1986 ते 1991 या काळात ते यूजीसीचे अध्यक्ष होते. आता सामान्य नागरिक म्हणून उभे होते. फेब्रुवारी 2005 मध्ये न्यायालयानं त्या कायद्यातली कलमं रद्द केली आणि ती विद्यापीठं कागदावरून पुसली गेली. तिथं फी भरून बसलेल्या मुलांचं काय, हे निकालपत्रात एका परिच्छेदाचं काम असतं. घरात ते अनेक वर्षं चालतं.

कर्वे आणि छत्तीसगढ यांतला फरक कुठलाही फॉर्म ओळखू शकत नाही. पाच एकर जमीन, इतके कोटींची ठेव, इतके संगणक, हे निकष छत्तीसगढवाला पैसे टाकून पुरे करील. कर्व्यांना ते जमणार नाहीत. हा फरक ओळखायला माणसं लागतात, ज्यांनी आयुष्य वर्गात आणि प्रयोगशाळेत घालवलं आहे आणि ज्यांना मंत्र्याचा फोन घेण्याचं बंधन नाही. यूजीसीची मूळ कल्पना एवढीच होती. आपण तिला माणसांऐवजी रकाने दिले. बोगस विद्यापीठ चालवणाऱ्याला 1956 च्या कायद्यात शिक्षा किती, ठाऊक आहे? कलम 24, दंड जास्तीत जास्त 1000 रुपये. म्हणून आयोग दरवर्षी बोगस विद्यापीठांची यादी छापतो आणि तीच ती नावं वर्षानुवर्षं तिथं नांदतात; आपल्या महाराष्ट्रातलंही एक नाव त्यात मुरलेलं आहे. नव्या विधेयकात हा दंड कोटींत नेला आहे. ती सुधारणा चांगली आहे, आणि विधेयकाच्या विरोधकांनी तेवढं मोकळेपणानं म्हणावं.

मग पैसा आणि नियम वेगळे करायला माझी हरकत का? कारण वेगळे करण्याच्या गोष्टी बोलत आपण पैसा भलत्याच हाती देतो आहोत. हितसंबंधांचा गुंता सोडवायचा असेल तर दोन स्वतंत्र मंडळं नेमता येतात. 2020 च्या शैक्षणिक धोरणात अनुदानासाठी वेगळी परिषद होतीच, चार खांबांपैकी एक. विधेयकात खांब तीन झाले आणि चौथा मंत्रालयाच्या भिंतीत चिणला गेला. यूजीसीच्या जागी नवा आयोग आणू पाहणाऱ्या 2018 च्या मसुद्यातही अनुदानाचं काम मंत्रालयाकडे नेलं होतं. तेव्हा ओरड झाली आणि तो मसुदा बाजूला पडला. दोन्ही वेळा बांध त्याच बाजूनं कोरला गेला, हा योगायोग आहे का? तपासणारा आणि देणारा एकच असला की लाच वाढते, हे मान्य. पण देणारा थेट मंत्री असला की लाच देण्याचीही गरज उरत नाही. नुसतं गप्प बसलं की पुरतं.

शिवाय पैशाविना मानक म्हणजे दात नसलेला कुत्रा. माझ्या ओळखीचा एक तरुण नेट, सेट आणि पीएचडी झालेला आहे. सकाळी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, साडेअकराची एसटी पकडून तालुक्याच्या दुसऱ्या कॉलेजात जातो, डबा गाडीतच खातो. दोन्हीकडे हजेरीपत्रकावर त्याच्या नावापुढे तास लिहिले जातात, महिना लिहिला जात नाही. दिवाळी आली की तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत. जानेवारी 2019 मध्ये यूजीसीनं पाहुण्या अध्यापकाला तासाला 1500 रुपये आणि महिन्याला कमाल 50 हजार अशी मार्गदर्शक सूचना काढली. राज्यातला दर त्याहून कमीच राहिला. तोच आयोग अभ्यासक्रमाचे श्रेयांक कसे मोजायचे हे सांगतो तेव्हा सहा महिन्यांत ते खेड्यातल्या कॉलेजापर्यंत पोचतं. ज्या सूचनेला पैसा लागत नाही ती वाऱ्यासारखी जाते. जिला लागतो ती फायलीत बसते. आयोगाच्या हातून थैली पुरती काढून घेतली की पहिल्या प्रकारच्या सूचनाच उरतील. नियामक स्वस्तात पडेल, आणि त्याचा जाच दुप्पट होईल.

खरं तर हे होऊन चुकलं आहे. 2013 मध्ये ‘रुसा’, म्हणजे राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान ही केंद्राची योजना, आली तेव्हा राज्यांच्या विद्यापीठांकडे जाणारा विकासनिधी यूजीसीला वळसा घालून जाऊ लागला. 2017 मध्ये उच्च शिक्षणाला कर्ज देणारी ‘हेफा’ ही संस्था स्थापन झाली. मोठ्या केंद्रीय संस्थांना इमारतीसाठी अनुदानाऐवजी कर्ज मिळू लागलं. कर्ज फेडायचं तर उत्पन्न हवं, आणि शिक्षणसंस्थेचं उत्पन्न म्हणजे शेवटी विद्यार्थ्याची फी. बारावी पंचवार्षिक योजना संपल्यावर कॉलेजांकडचा जांभळा शिक्काही सुकला. ‘अनुदान आयोग’ हे नाव आज बऱ्याच अंशी ‘शेतकरी सदन’ नावाच्या बिअर बारसारखं झालं आहे.

ज्यांच्याकडून आपण हा बांध उचलला त्यांनी स्वतःच्या बांधाचं काय केलं? 1988 च्या कायद्यानंतर ब्रिटनची समिती 1989 मध्ये गेली. तिच्या जागी एकामागून एक परिषदा आल्या, आणि 2018 पासून इंग्लंडात ‘ऑफिस फॉर स्टुडंट्स’ आहे, ज्याची भाषा ग्राहक आणि बाजाराची आहे. या प्रवासात 1998 मध्ये 1000 पौंड, 2006 मध्ये 3000 आणि 2012 मध्ये 9000 पौंडांपर्यंत फी चढली. समिती गेली म्हणूनच फी वाढली असं म्हणणं आगाऊपणाचं होईल. पक्ष, मंदी, विद्यार्थ्यांची वाढती संख्या, सगळं होतं. पण बांध गेल्यावर विद्यापीठ आणि खजिना समोरासमोर आले, आणि समोरासमोरच्या कुस्तीत कोण खाली पडणार हे ठरलेलंच होतं.

इथं राज्यांचे कैवारी म्हणतील, आम्ही तेच सांगतो, दिल्लीचा हात आखडा. त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. 42 व्या घटनादुरुस्तीनं 1976 मध्ये शिक्षण समवर्ती सूचीत गेलं. उच्च शिक्षणाच्या मानकांचा समन्वय तर केंद्र सूचीत, नोंद 66 मध्ये, पहिल्यापासून आहे. यूजीसी वेतनश्रेणी लागू करा, असं दिल्ली सांगते; सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी जादा खर्चातला 80 टक्के वाटा तिनं काही वर्षं उचलला, सातव्याच्या वेळी तो 50 वर आला, आणि मुदत संपली की सगळा भार राज्यावर. यूजीसीच्या नियमांच्या जानेवारी 2025 च्या मसुद्यानं कुलगुरू शोधसमितीतलं राज्य सरकारचं स्थानच उडवलं आणि न मानणाऱ्या विद्यापीठाला योजनांतून वगळण्याची धमकी दिली. केरळ, तमिळनाडू भडकले ते उगाच नाही. पण महाराष्ट्रानं काय केलं होतं? 2021 च्या डिसेंबरात आपल्याच विधिमंडळानं कुलगुरूंची नावं राज्य सरकारच्या चाळणीतून राज्यपालांकडे जातील आणि मंत्री प्र-कुलपती होतील, अशी दुरुस्ती मंजूर केली. पुढच्या सरकारनं ती मागे घेतली, एवढंच. बांध दिल्लीकडून कोरला काय किंवा मुंबईच्या मंत्रालयाकडून कोरला काय, कुलगुरूच्या पायाखालची माती सारखीच जाते.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यात टोचतो: तुमचा हा स्वतंत्र आयोग होता कधी? अध्यक्ष केंद्र नेमतं, आणि धोरणाच्या बाबतीत केंद्राचे निर्देश पाळण्याचं बंधन कलम 20 मध्ये लिहिलेलंच आहे. बरोबर आहे. बांध पहिल्यापासून अरुंद होता. तरी त्यावरून चालता येत होतं, याचा पुरावा पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्याला उभा आहे. 1988 मध्ये यूजीसीनं पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ काढली. यशपाल अध्यक्ष होते, जयंत नारळीकर संस्थापक संचालक झाले. कल्पना साधी होती: प्रत्येक विद्यापीठाला मोठी दुर्बीण आणि मोठं ग्रंथालय परवडत नाही, तर सगळ्यांचं मिळून एक केंद्र असावं आणि कुठल्याही गावच्या विद्यापीठातल्या शिक्षकानं तिथं येऊन काम करावं. यात परिपत्रक नव्हतं, गुणांकन नव्हतं. पैसा होता, जाणता माणूस होता, आणि त्याला मोकळं सोडण्याची अक्कल होती. अशी केंद्रं दर दहा वर्षांनी दोन जरी निघाली असती, मराठीसारख्या भाषांसाठी एखादं, शेतीच्या अर्थशास्त्रासाठी एखादं, तर आज आयोगाच्या बाजूनं बोलायला प्राध्यापकांच्या संघटनांची गरज पडली नसती. आयोगानं पैसा वाटावा, पदवीच्या नावाखाली चाललेली फसवणूक अडवावी, आणि उरलेल्या वेळात अशी एखादी आयुका काढावी. कुठल्या निबंधाला किती गुण, हे विद्यापीठाला ठरवू द्यावं. विद्यापीठ चुकेल, 4,305 वेळा चुकायला त्यालाही बरीच वर्षं लागतील.

मागच्या आठवड्यात तो एसटीवाला तरुण स्टँडवर भेटला. मी उत्साहानं त्याला विधेयक सांगू लागलो. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “सर, तासिकेचा दर यातल्या कुठल्या परिषदेकडे आहे?” मी मोबाइलवर तिन्ही परिषदांची कामं वर-खाली करून पाहत होतो, तोवर त्याची गाडी फलाटाला लागली होती.